ओमानची आठ दिवसांची सहल: शुक्रवार निझवात, बाकीचं सगळं त्याभोवती

ओमानचा बेत आखताना पहिला प्रश्न महिन्याचा असतो, आणि तिथेच मराठी घरांची अडचण होते. मुलांना मोठी सुट्टी मे महिन्यात असते, आणि मे महिन्यात मस्कतचा पारा सहज ४० च्या वर जातो. वाळवंटात तो ४५ च्याही पुढे असतो. त्या उन्हात किल्ले, बाजार, डोंगर काहीच नीट पाहता येत नाही. पैसे विमानाला आणि दिवस हॉटेलच्या एसीला जातात. मे सोडून द्या.

योग्य काळ ऑक्टोबरची अखेर ते मार्चचा मध्य. दिवाळीच्या सुट्टीत दुपारी अजून गरम होतं, पण डोंगरातल्या कुंडांत उतरायला तेच सुखाचं. नाताळात हवा सर्वात छान असते, मस्कतला दिवसा २५ अंशांच्या आसपास. पण युरोपातले पर्यटकही तेव्हाच येतात, त्यामुळे वाळवंटातले तंबू दोन महिने आधी भरतात. रमझान टाळावा. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो: २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, २०२७ मध्ये दुसऱ्या. त्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाणंपिणं, अगदी पाणी पिणंसुद्धा, कायद्याने चालत नाही, आणि लहान मुलं वा मधुमेही आजी सोबत असतील तर ओढाताण होते.

दक्षिणेतल्या सलालाहच्या हिरव्या डोंगरांचे फोटो पाहून बरेच जण जुलै-ऑगस्टचं विचारतात. तिथे २१ जून ते २१ सप्टेंबर हा 'खरीफ'चा हंगाम असतो. आपला 'खरीप' हाच शब्द. रिमझिम आणि धुकं पाहायला अख्खं आखात तिथे लोटतं. ज्याने आंबोली किंवा माळशेज पाहिला आहे, त्याने त्यासाठी परदेशी तिकीट काढू नये. आपल्याकडे जे नाही ते पाहायला जावं: वाळूचे डोंगर, खजुरांच्या बागा, उघडेबोडके कडे आणि त्यांच्या पोटातलं हिरवं पाणी.

पायरी पहिली: शुक्रवार आधी ठरवा

ओमानमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत बहुतेक दुकानं बंद असतात आणि मस्कतची सुलतान काबूस मशीद बिगरमुस्लिमांना त्या दिवशी पाहता येत नाही. घळींमध्ये मात्र स्थानिक कुटुंबांची गर्दी उसळते. एकच गोष्ट अशी आहे की ती फक्त शुक्रवारीच पाहायची: निझवा या जुन्या शहरातला बकऱ्यांचा बाजार. म्हणून सहलीची तारीख विमानाच्या स्वस्त तिकिटावरून ठरवू नका. शुक्रवारी पहाटे तुम्ही निझवात असाल अशी बांधा. याचा सोपा मार्ग म्हणजे शनिवारी मुंबई सोडायची आणि पुढच्या शनिवारी परतायचं.

मुंबई ते मस्कत थेट विमानाने पावणेतीन तासांच्या आसपास लागतात, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. रात्री एक-दीडला उतरणारं विमान घेतलंत तर हॉटेलची खोली आदल्या तारखेपासून घ्यावी लागते. हा खर्च लोक विसरतात आणि मग पहाटे लॉबीत मुलांना मांडीवर घेऊन बसतात.

पायरी दुसरी: कागदपत्रं

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी. व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या ई-व्हिसा संकेतस्थळावरून स्वतःच काढता येतो: पासपोर्टच्या पानाची स्वच्छ प्रत, फोटो आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेलं कार्ड एवढं पुरतं. १० दिवसांच्या पर्यटक व्हिसाचा दर ५ रियाल आणि ३० दिवसांचा २० रियाल असा राहिला आहे; आठ दिवसांना १० दिवसांचा बसतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, शेंगेन देश, ऑस्ट्रेलिया किंवा जपानचा चालू व्हिसा हाती असेल तर भारतीयांना १४ दिवस व्हिसाविना प्रवेशाची सवलतही आहे. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर अटी वाचा. अर्ज दोन आठवडे आधी करा. अडतो तो बहुधा फोटो अंधूक असल्याने किंवा नाव जुळत नसल्याने. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची तिकिटं आधार कार्डावरून काढली जातात आणि पासपोर्टवर माहेरचं नाव असतं. तिकीट आणि व्हिसा दोन्हींवर पासपोर्टवरचंच नाव, अक्षरशः तसंच, टाका.

आणखी एक बाब घरातल्या मोठ्यांची. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर'ची (नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी हवी, अशी) नोंद असू शकते, आणि ओमान ईसीआर देशांच्या यादीत आहे. ही नोंद नोकरीसाठी जाणाऱ्यांकरता असते, पर्यटकाला तिने मनाई होत नाही. तरी मुंबईच्या इमिग्रेशनला जास्त प्रश्न विचारले जातात. अशा व्यक्तीकडे परतीचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण आणि व्हिसा यांच्या छापील प्रती स्वतंत्र द्या, आणि रांगेत कुटुंबाबरोबरच उभं करा.

गाडी चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. शुल्क साधारण १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही सोबत लागतो.

पायरी तिसरी: पैसे

एक ओमानी रियाल म्हणजे १००० बैसा. रियाल अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे, एक रियाल म्हणजे साधारण २.६ डॉलर. हिशोबाला रुपयांत सव्वादोनशे धरा. पाटीवर १.२५० लिहिलं असेल तर ते सव्वा रियाल, म्हणजे पावणेतीनशेच्या वर रुपये. पहिले दोन दिवस 'एक-दोन रियाल तर आहेत' असं वाटतं, आणि तिथेच खिसा रिकामा होतो. नातेवाइकांनी जपून ठेवलेल्या जुन्या नोटा घेऊन जाऊ नका. २०२० च्या आधीच्या मालिकेतल्या नोटा २०२४ च्या अखेरीस बाद झाल्या.

शहरात कार्ड चालतं. घळीतली नाव, गावातली चहाची टपरी, टायरवाला यांना रोख लागते. माणशी २०-२५ रियालची सुटी रोख पुरते. गाडीच्या अनामतीसाठी मात्र चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्डावर अनेक कंपन्या गाडी देत नाहीत आणि हे काउंटरवर पोचल्यावर कळतं.

पायरी चौथी: गाडी, आणि सर्वात मोठा खर्च वाचवायची जागा

मस्कतच्या बाहेर सार्वजनिक वाहतूक विरळ आहे, त्यामुळे गाडी हवीच. प्रश्न एवढाच: साधी सेडान की फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी? ट्रॅव्हल कंपन्या सरसकट फोर बाय फोर सुचवतात. खरी गरज तीनच ठिकाणी पडते: जबल अखदरचा चढ ('जबल' म्हणजे डोंगर), जबल शम्सच्या वाटेवरचा खडीचा टप्पा, आणि वाळू. जबल अखदरला तर पायथ्याच्या बिरकत अल मौझ गावाच्या वर पोलिसांची चौकी आहे आणि फोर बाय फोर नसेल तर तिथूनच परत पाठवतात. उतरताना ब्रेक तापून निकामी होण्याचे अपघात झाल्यामुळे हा नियम आहे.

आता हिशोब मांडा. सेडान दिवसाला साधारण १५ रियाल, सात दिवसांचे १०५. फोर बाय फोर दिवसाला ४० धरली तर २८०. फरक १७५ रियालचा. सेडान घेऊन बिरकत अल मौझला स्थानिक चालकाची फोर बाय फोर दिवसभरासाठी केली आणि वाळवंटातल्या तंबूवाल्यांना गावातून न्यायला-आणायला सांगितलं, तर दोन्ही मिळून ७०-८० रियाल होतात. चौघांच्या कुटुंबाचे जवळपास १०० रियाल, म्हणजे वीस-बावीस हजार रुपये वाचतात. आणि आयुष्यात कधी वाळूत गाडी न चालवलेला माणूस टेकडीच्या उतारावर अडकत नाही, हा फायदा वेगळाच. भाड्याच्या विम्यात वाळूतलं नुकसान बहुधा धरलेलंच नसतं. करारातली ती ओळ शोधून वाचा.

तरी स्वतःच वाळूत जायचं असेल तर एवढं पक्कं करा. डांबरावर ३५ पीएसआय असलेली टायरची हवा १५ ते १८ वर आणायची. हवा कमी झाली की टायर पसरतं, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक रुतत नाही. गाडी एका लयीत चालवायची, जोरात ब्रेक मारायचा नाही, झटक्याने वळायचं नाही, आणि थांबायचं ते तोंड उताराकडे करून. रुतलीच तर ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच काढा; चाक फिरत राहिलं तर ते खड्डा खणत गाडीचं पोट वाळूला टेकवतं. चाकांसमोरची आणि पोटाखालची वाळू हाताने काढा, हवा १२ पर्यंत उतरवा, आणि आलात त्याच चाकोरीतून मागे या. एकट्या गाडीने आत जाऊ नये. बाहेर आल्यावर वाळवंटाच्या कडेच्या बिदिया गावातल्या टायरवाल्याकडे हवा परत भरल्याशिवाय महामार्गाला लागू नका. कमी हवेत १०० च्या वेगाने टायर तापून फुटतं.

रस्ते उत्तम आहेत, पण वाहतूक उजव्या बाजूने चालते. मारुती-ह्युंदाई चालवणाऱ्याचा हात पहिल्या दिवशी इंडिकेटरऐवजी वायपरवर जातो, कारण दांडे उलट असतात. खरा धोका गोल चौकांत आहे: चक्रातली वाहनं डावीकडून येतात आणि पहिला हक्क त्यांचा. महामार्गावर मर्यादा १२० आणि कॅमेरे जागोजाग. दंड नंतर कार्डावरून वळता होतो. गाडी फार मळलेली असेल तरी दंड होऊ शकतो, म्हणून वाळवंटानंतर धुऊन घ्या. अंधार पडल्यावर ग्रामीण रस्त्यांवर उंट येतात आणि त्यांचं धड थेट काचेवर आदळतं. सूर्यास्तानंतर गाडी उभी, हा नियम सहलभर पाळा.

पेट्रोल लिटरला साधारण पाव रियालच्या आत. पूर्ण वाटेची १,१०० किलोमीटर धरली तर सेडानला २०-२२ रियाल पुरतात. काटा अर्ध्यावर आला की भरायचं.

पायरी पाचवी: वाट

पहिला दिवस, शनिवार: विमानतळावरच सिम घ्या, गाडी घ्या, विश्रांती घ्या. फोनवरून संदेश जातात, पण व्हॉट्सॲपचे कॉल लागतीलच असं धरू नका. घरच्यांना तसं आधी सांगून ठेवा म्हणजे ते घाबरत नाहीत. राहायला मस्कतमधलं मुतराह किंवा रुवी बरं. रुवीत शाकाहारी भारतीय जेवण पावलोपावली आहे.

दुसरा दिवस, रविवार: सकाळी ८ वाजता सुलतान काबूस मशीद. २००१ साली उघडलेल्या या मशिदीत बिगरमुस्लिमांना शनिवार ते गुरुवार, ८ ते ११ या वेळेतच प्रवेश असतो. बायकांनी डोकं, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकायचे. सलवार-कमीज आणि मोठी ओढणी चालते, पारदर्शक ओढणी चालत नाही. पुरुषांना पूर्ण पॅंट. आतला गालिचा एकसंध आहे, वजन २१ टन. दुपारी झोप, आणि चारनंतर मुतराहचा किनारा आणि सूक, म्हणजे बाजार. पुढे जुन्या मस्कतमध्ये अल आलम राजवाड्याच्या दोन बाजूंना मिरानी आणि जलाली हे पोर्तुगीजांच्या काळातले किल्ले दिसतात. पोर्तुगिजांनी मस्कत १५०७ मध्ये घेतलं आणि १६५० मध्ये ओमानींनी ते परत मिळवलं. जवळच मोतीश्वर महादेवाचं जुनं मंदिर आहे.

तिसरा दिवस, सोमवार: सकाळी ७ ला निघा. सूरच्या रस्त्यावर बिम्माचं विवर लागतं, छप्पर कोसळून तयार झालेला चुनखडीचा मोठा खड्डा आणि तळाशी निळंहिरवं पाणी. अर्धा तास पुरे. खरा वेळ तिवीजवळच्या वादी शाबला द्या. वादी म्हणजे एरवी कोरडी असणारी, पाऊस पडला की वाहणारी डोंगरनदी. पुलाखालून छोटी नाव पैलतीराला नेते, माणशी एक रियाल. तिथून पाऊण तास चाल: आधी खजुरांच्या सावलीतून, मग कड्याच्या कडेने, मग गोट्यांवरून. शेवटी कुंडं लागतात आणि तिथून पुढे पोहत जावं लागतं. काही ठिकाणी पाय टेकत नाहीत. अगदी टोकाला खडकाच्या फटीतून डोकं काढत आत गेलं की गुहेतला धबधबा.

पोहता येत नसेल त्याने पहिल्या कुंडापाशी थांबावं. तिथे जीवरक्षक नसतो. मुलांसाठी लाइफ जॅकेट घरून न्या. पायात भिजले तरी चालतील असे, चांगली पकड असलेले बूट हवेत. सपाता घातलेली माणसं त्या गुळगुळीत दगडांवर हमखास घसरतात. पोहताना टी-शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी पॅंट, बायकांनी लेगिंग. नाव संध्याकाळी बंद होते, म्हणून चारच्या आत परत या.

पावसाचा अंदाज असेल तर वादीत पाऊल टाकू नका, डोक्यावर आभाळ निळं असलं तरी. त्या डोंगरांवर माती नाही, झाडं नाहीत. तीस किलोमीटरवर पडलेला पाऊस जसाच्या तसा घळीत उतरतो. पाणी अचानक गढूळ झालं किंवा पालापाचोळा वाहत आला तर सामान सोडून वर चढा. रस्त्यावरून वादी वाहत असेल तर गाडी घालू नका. तो तिथे गुन्हा आहे. मदतीसाठी क्रमांक ९९९९.

मुक्काम सूरला. रात्री रास अल जिंझला समुद्री कासवं अंडी घालायला येतात. आरक्षण आधी करावं लागतं, फेरी मार्गदर्शकाबरोबरच होते आणि मोबाइलचा उजेड चालत नाही. कासव दिसेलच अशी हमी नाही. हंगाम उन्हाळ्यात जोरात असतो, हिवाळ्यात संख्या कमी. सूर ते रास अल जिंझ पाऊण तासाचा रस्ता रात्री नको, म्हणून तिकडे जायचं तर मुक्कामच तिथे करा.

चौथा दिवस, मंगळवार: सकाळी सूरचा गलबतांचा कारखाना पाहा. या गलबतांसाठी सागवान पिढ्यान्पिढ्या मलबारहून जात आलं. मग वादी बनी खालिद, जिथे चालायला फारसं नाही आणि आजी-आजोबाही पाण्यात पाय सोडून बसू शकतात. दुपारी साडेतीनपर्यंत बिदिया किंवा अल वासिलला पोचा, म्हणजे तंबूवाल्यांची गाडी सूर्यास्ताआधी वाळूत नेते. हा पट्टा शर्किया वाळवंट, जुनं नाव वहिबा. रात्री थंडी वाजते, डिसेंबर-जानेवारीत १० ते १३ अंश. स्वेटर आणि मोजे विसरू नका. शाकाहारी जेवण हवं हे आरक्षण करतानाच लिहून कळवा, कारण आत तंबूत पर्याय नसतो.

पाचवा दिवस, बुधवार: सूर्योदय पाहून निघायचं, निझवाला अडीच तास. संध्याकाळी जुन्या गावात फेरफटका.

सहावा दिवस, गुरुवार: मिसफत अल अब्रियीन हे मातीच्या घरांचं, डोंगराला चिकटलेलं गाव. इथला फलज वेळ देऊन पाहा. डोंगरातलं पाणी दगडी पाटाने गावात येतं आणि बागांना ठरलेल्या पाळीने वाटलं जातं. धुळे-नाशिककडची फड पद्धत माहीत असलेल्याला ही रचना लगेच उमगेल. ओमानचे असे पाच फलज २००६ पासून जागतिक वारशात आहेत, त्यातले दोन, दारिस आणि अल खतमैन, तुमच्याच वाटेवर येतात. दुपारी बहलाचा किल्ला, तो १९८७ पासून वारसा यादीत. फोर बाय फोर असेल तर त्याऐवजी जबल शम्सचा कडा.

सातवा दिवस, शुक्रवार: साडेसहाला बाजारात हजर. विकणारे बकऱ्या दोरीने धरून गोल फिरतात, घेणारे कडेला बसून हात लावून पारखतात, भाव जाता जाता ओरडले जातात. नऊपर्यंत सगळं आटोपतं. रस्ता अडवून फोटो काढू नका. बायकांचा फोटो विचारल्याशिवाय अजिबात नाही. मग शेजारचा सतराव्या शतकातला किल्ला, त्याचा गोल बुरूज आणि वरून दिसणारी खजुरांची बाग. अकराला बिरकत अल मौझला गाडी ठेवून जबल अखदर. वर दोन हजार मीटरवर डाळिंबं, अक्रोड आणि गुलाबाचे टप्पे आहेत. गुलाब फुलतात ते एप्रिलच्या आसपास.

आठवा दिवस, शनिवार: दीड-दोन तासांत मस्कत, गाडी परत, विमान.

काय न्यायचं नाही, काय आणायचं

फराळाचा डबा भरण्याआधी खसखस आठवा. आखातातल्या अनेक देशांत ती अफूच्या झाडाची म्हणून बंदीच्या यादीत आहे, आणि लोकांवर खटले झाले आहेत. अनारसे, खसखस घातलेल्या करंज्या, घरचा मसाला, सगळं घरीच ठेवा. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधं, झोपेच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नकोत; रोजची औषधं मूळ पाकिटात आणि इंग्रजी चिठ्ठीसकट न्या. ड्रोनही परवानगीशिवाय नको. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो, अडॅप्टर इथूनच घ्या.

येताना दक्षिणेतल्या धोफारचा लोबान आणा. मात्र दुकानात 'ऊद' मागू नका. आपण ज्याला ऊद म्हणतो त्याला तिथे 'लुबान' म्हणतात, आणि 'ऊद' मागितलंत तर अगरूचं महागडं लाकूड समोर येतं. हिरवट झाक असलेले पारदर्शक खडे म्हणजे 'होजारी', सर्वात चांगली प्रत. पिवळे-तपकिरी खडे स्वस्त, रोजच्या धुपाला पुरतात. ओमानी हलवा चाखूनच घ्या, दुकानदार आनंदाने देतात. तो चिकट आणि लवचिक असल्याने हातातल्या सामानात अडवला जाऊ शकतो, म्हणून मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवा.